निघण्याचं वाक्य
गवती चहाचा वास आला की राजारामपुरीतली ती माडी आठवते. परदेशी राहून आलेले एक सर तिथे वकिलांच्या दोन मुलांना आणि वेशीबाहेरच्या वस्तीतल्या मला फुकट स्पॅनिश शिकवत. मला पहिलंच वाक्य दिलं, "मे तेंगो के इर", म्हणजे मला निघायला हवं. रोज सहाला सर ते माझ्याकडून म्हणवून घेत आणि मी निघे. एकदा जिन्यात चपला घालताना आतून सरांच्या पत्नीचा आवाज आला, "गेला का हो तो? मग आणते चहा. त्याच्यासाठी वेगळा कप कुठनं काढू?" शिकणं सुटू नये म्हणून दुसऱ्या दिवशीही गेलो आणि कप वाजताच स्वतःहून उठून वाक्य म्हटलं. "वा! आता उच्चार साधला की," सर म्हणाले. मी त्यांना वाकून नमस्कार केला. विद्या त्यांनी दिली, हे मी विसरलेलो नाही. पण त्या नमस्काराची लाज अजून जात नाही.