माहेरी राहिलेली घोडी

लढाईच्या दिवसांत मोटारींना पेट्रोल मिळेनासं झालं आणि लोणावळ्यात टांग्यांना बरे दिवस आले. आमचा एक टांगा होता आणि एकच घोडी. हे सकाळी स्टेशनावर जात ते दिवेलागणीला परत येत. घोडी तांबडी, अंगानं भरलेली. जरा जास्तच भरलेली म्हणा. चंदी खाताना कुणी जवळ आलेलं तिला खपत नसे.

भात निघाल्यावर आम्ही टांगा घेऊन माझ्या माहेरी बेडशाला गेलो. वर्षाचे तांदूळ घ्यायचे, एक मुक्काम करायचा आणि परतायचं, एवढाच बेत. घोडी ह्यांनी स्वतःच्या हातानं गोठ्याबाहेर बांधली. सकाळी आई शेण काढायला गेली तर खुंटा मोकळा. घोडी खळ्यावर भाताच्या राशीत तोंड घालून उभी. किती वेळ खात होती कुणास ठाऊक. राशीला एका बाजूनं खळगा पडला होता, आणि गुरांसाठी भरून ठेवलेलं पाणीही तिनं संपवलं होतं.

दावं ह्यांनीच बांधलेलं, त्यामुळे रागवायला कुणी उरलं नाही. हे नुसते तिच्या पोटावरून हात फिरवत राहिले.

उन्हं वर आली तशी घोडी मान वळवून पोटाकडे बघू लागली. पुढच्या पायानं माती उकरायची, खाली बसायची, उठायची. मग आडवी झाली आणि लोळायला लागली. पोट टम्म फुगलेलं. आबा, म्हणजे माझे वडील, ओरडले, "लोळू दिऊ नका तिला! आतडं पिळंल. उटवा, फिरवा."

माझा थोरला भाऊ डॉक्टरला आणायला गेला आणि आम्ही घोडीला अंगणात फिरवत राहिलो. हे दमले की मी, मी दमले की आबा. भाताची झोडणी तशीच पडली. दुपार कलल्यावर तालुक्याचे गुरांचे डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी जवसाचं तेल आणि कसलंसं औषध घोडीच्या घशात उतरवलं, पोटाला कान लावून बराच वेळ ऐकलं. संध्याकाळी घोडीनं लीद टाकली. ती बघून आईनं हात जोडले आणि मला हसू आलं, इतकी मी दमले होते.

निघताना डॉक्टर ह्यांना म्हणाले, "पोटाचं निभावलं. आता खुरांवर लक्ष ठेवा. गरम लागले तर लगेच निरोप धाडा."

"पोटाचा आन् खुरांचा काय संबंद, सायेब?"

"पोटात नासलेलं रक्तातून खुरांत उतरतं. आत सूज येते, आणि खूर पडले टणक. सुजेला पसरायला जागा नसते. जनावर वेदनेनं वेडं होतं."

आम्हाला ते पटलं नाही. पोट दुखायचं थांबलं होतं, घोडी कान हलवत होती. पण एक दिवस गेला आणि ती जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागे देऊन उभी. मी वाकून खुराला हात लावला. नुकतं चुलीवरून उतरवलेलं भांडं असावं तसं लागलं.

आबांचं म्हणणं, पाय धरलेत, चालवलं की सुटतील. डॉक्टर पुन्हा आले आणि म्हणाले, एक पाऊलही चालवायचं नाही. "परवा फिरवली म्हनून वाचली, आज हलवू नका म्हनत्यात," आबा पुटपुटले. कामशेतहून नालबंद आला, नाल काढून गेला. घोडीच्या पायांखाली ओढ्याची वाळू आणून जाड थर केला. दाणा पूर्ण बंद. फक्त वाळलं गवत, तेही भिजवून आणि मोजकं. खुरांवर सारखं गार पाणी. बरं व्हायला किती दिवस, असं ह्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दिवस नका विचारू. महिने लागतील."

त्या रात्री हे जेवले नाहीत. सासुरवाडीत जावयानं किती राहायचं? सगळं घर झोडणीत गुंतलेलं, आणि आई रोज ह्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करून वाढत होती. शेवटी हे म्हणाले, "मी दुसऱ्याचा टांगा हाकतो. तू हितंच ऱ्हा. तुज्याबिगर तिला कोन बघनार?"

मी राहिले. ओढा घराच्या खालच्या अंगाला होता. दोन घागरी आणायच्या, खुरांवर गोणपाट गुंडाळायचं, ते भिजवत राहायचं. वाळलं की पुन्हा ओढा. पुढे तिला चार पावलं टाकता येऊ लागली तेव्हा तिलाच ओढ्यात नेऊन उभी करायची. ती पाण्यात आणि मी काठावर. दुपारभर दुसरं काही नाही. कंबर मोडून यायची. घोडी भुकेनं दावं चावायची, मला बघून खिंकाळायची, आणि मी मूठभर गवत टाकायची. माझाच मला राग यायचा, मग तिचा यायचा.

एकदा ओढ्यावर धुणं धुणाऱ्या शेजारच्या मावशीनं विचारलं, "काय गं, न्यायला न्हाई आलं अजून कुनी?"

"घोडी आजारी हाय, मावशी."

"घोडी व्हय," ती म्हणाली आणि तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं. मंगळसूत्र जागेवर होतं. तरी गावात व्हायचं ते झालं. नवऱ्यानं टाकली आणि सोबत लंगडी घोडी दिली, असं कुणीतरी बोललं. ते आईच्या कानावर आलं.

"खरं सांग," एका संध्याकाळी ती म्हणाली, "भांडलात का तुमी?"

"न्हाई गं."

"मग घोडीपायी बायकूला माहेरात ठेवतं का कुनी?"

मी गोणपाट भिजवायला उठले. सांगून सांगून कंटाळले होते. हे अधूनमधून यायचे, पण आधी गोठ्यात जायचे, खूर चाचपायचे, आणि मग माझ्याकडे बघायचे. ते आईच्या नजरेतून सुटत नव्हतं.

पौषात घोडी बरीच सुधारली. तेव्हाच आईला तिची दया आली. रोज उरलेली भाकरी ती गुपचूप तिला चारू लागली. खूर पुन्हा तापले. मला कळलं तेव्हा मी आईला नाही नाही ते बोलले, आणि बोलता बोलता तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. "पोर वाळली माजी," आई म्हणाली. "त्या घोडीवानी."

पुन्हा पहिल्यापासून पाणी, गोणपाट, भिजलं गवत.

होळी झाल्यावर हे आम्हाला न्यायला आले. इतके दिवस माहेरीच पडून राहिलेला टांगा बैलगाडीमागे बांधून लोणावळ्याला आणला आणि घोडी चालत, सावकाश, रस्त्याकडेच्या मातीतून. घरी आल्यावर नाल ठोकले. मऊ जमिनीवर ती छान चालायची. मग एका सकाळी ह्यांनी टांगा जोडला आणि बाजाराच्या रस्त्याला लागले. मी दारात उभी होते. खडीवर ती थोडी धावली, मग मान खाली-वर करू लागली. प्रत्येक पावलाला, लंगडं जनावर करतं तशी. ह्यांनी तिथंच टांगा थांबवला, घोडी सोडली आणि तिला हातानं धरून परत आणली.

"न्हाई जमायचं," एवढंच म्हणाले.

विकली असती तर घेणाऱ्यानं तिला रस्त्यावरच जुंपली असती. म्हणून ती बेडशाला गेली. शेतातल्या वाटेनं गवताचे भारे आणायला भावाला उपयोगी पडली. टांगा गेला. हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला लागले आणि आयुष्यभर तिथंच राहिले.

पुढच्या दिवाळीला मी माहेरी गेले. आई म्हणाली, "आदी तिला भेटून ये. चांगली हाय बग आता."

"उद्या जाईन," मी म्हणाले. पडवीत घोंगडी टाकली आणि जेवायला उठवीपर्यंत झोपून राहिले.