शिकेकाईचं कोमट पाणी

जेवण झाल्यावर विश्राम पडवीतल्या आरामखुर्चीत टेकतो. डोळे मिटतात, झोप मात्र अजून लागलेली नाही. शेजारचा रेडिओ ऐकू येतोय. मग तोही दूर जातो आणि मागच्या दारातून शालन म्हणते, "अहो, पाणी उतरवलंत का?"

शालनला जाऊन आठ महिने झाले. बायको गेली हे विश्रामला पक्कं ठाऊक आहे. तरी तो घाईघाईने उठतो.

चुलीवर शिकेकाई, रिठे, आवळकाठी उकळून पाणी तांबूस झालंय. तिचा उजवा हात लुळा पडल्यापासून सहा वर्षं दर रविवारी तोच तिचे केस धूत आला. तो पाणी गाळतो, जास्वंदीची पानं चुरगाळून त्यांचा बुळबुळीत रस त्यात सोडतो आणि पातेलं उचलून वळतो, तर समोर एस.टी.चा डेपो. तीस वर्षं इथेच त्याने गाड्या दुरुस्त केल्या. गाड्या धुवायच्या जागी शालन पाटावर बसलीय, डोक्यावर पदर.

"इथे गं कशाला?"

"इथे पाणी मुबलक," असं म्हणत ती पदर खाली घेते. केस पार मुळापर्यंत कापलेले.

"हे कोणी केलं?" तिच्या आवाजात राग नाही.

पाटाशेजारी आता इस्पितळातली खाट आहे, वर सलाईनची बाटली.

"मीच," विश्राम म्हणतो. "तू शुद्धीवर नव्हतीस. जटा झाल्या होत्या. नर्सने विचारलं, कापू का? मी हो म्हटलं. तू उठेपर्यंत थांबायला हवं होतं."

"मी उठणार होते का?"

"मला वाटत होतं, उठशील."

शालन पाटावर जरा पुढे सरकते. मग मान खाली घालते. "धुवा आता. डोळ्यांत जाऊ देऊ नका, झोंबतं."

कंबरेपर्यंतच्या त्या केसांना तासभर लागायचा. हे तर दोन तांब्यांत उरकेल. म्हणून तो ओंजळ ओंजळच पाणी घालतो. टाळूवर, मानेवर, कानामागे, पुन्हा टाळूवर.

"झालं की हो."

"फेस आहे अजून."

फेस कुठेच नाही. शालन हसते, पण मान वर करत नाही. "बरं," म्हणते.

विश्राम जागा होतो तेव्हा उन्हं पडवीत शिरलेली असतात. तो तळवे उलटून बघतो. दहाही बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलीत, बराच वेळ कोमट पाण्यात राहिल्यासारखी. तो हात पुसत नाही. टोकं हळूहळू पूर्ववत होईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसून राहतो.