पेट्रोल अण्णा चोरत नव्हते

अण्णांना चोर म्हणाले ती मी, म्हणून हे लिहिते पण मीच.

आमच्या जेवणाचे डबे मारतहळ्ळीला तुम्हाला पोचवतात ते रमेशअण्णा. आठ वर्षं झाली. पण दोन महिने झाले, डब्यांची व्हॅन पेट्रोल नुसती पितेय. आज सकाळी मी तोंडावरच विचारलं, "अण्णा, पेट्रोल काढून विकता काय? खरं सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मग खात्री करायला मी त्यांना घेऊन इथल्या शिवाजीनगरला मेकॅनिककडे गेले. त्यानं चाकातली हवा बघितली, फिल्टर बघितला, सगळं सरी, कुठं बिघाड नाही. म्हणाला, "चला, एक चक्कर मारू." अण्णा चालवायला, तो शेजारी, मी मागं बसले.

दुसऱ्याच सिग्नलला तो ओरडला, "अण्णा, क्लचवरचा पाय काढा की! सारखा दाबून ठेवला तर मायलेज कुठनं येणार?"

अण्णा हळू बोलले, "गुडघा उचलत नाही. ट्रॅफिकमध्ये वर-खाली केला की जीव जातो, म्हणून तिथंच ठेवतो."

मी म्हटलं, "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही दुसरा ड्रायव्हर बघितला असता, अक्का."

खोटं कसं म्हणू? बघितलाच असता.

उद्या डबे तासभर उशिरा येतील. आधी अण्णांचा गुडघा डॉक्टरला दाखवणार. ओरडायचं असेल तर मला फोन करा, अण्णांना एक शब्द बोलायचा नाही.

आणि तुमच्याकडे काम करणारी माणसं आपलं दुखणं तुम्हाला सांगतात काय? आज घरी जाऊन विचारा.