नील बेटावर मोहर्लीची गाईड

गेल्या मंगळवारी अंदमानच्या नील बेटावर आमच्या आईने भर समुद्रात ट्रॅफिक थांबवलं. हो, माझ्याच आईने... जिने आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात पाय टाकला नव्हता.

आई ताडोबाच्या मोहर्ली गेटवर गाईड आहे. गावातल्या चार बायकांनी पहिल्यांदा गाईडचा ड्रेस घातला तेव्हा लोक तोंडावर पदर घेऊन हसले होते, त्या चौघींतली ती एक. सांबर कुठे ओरडलं यावरून वाघ कुठून निघणार ते ती सांगते, आणि बहुतेक वेळा तो तिथूनच निघतो.

पण दोन महिन्यांपूर्वी एक प्रकार झाला. वाघीण पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडायला आली होती, म्हणून आईने जिप्सी मागे घ्यायला लावली. वाघीण आरामात निघून गेली, पण मागच्या सीटवरच्या साहेबांचा फोटो हुकला. त्यांनी गेटवर सगळ्यांसमोर तिला नको नको ते ऐकवलं... बाईला काही कळत नाही, पुढच्या वेळी पुरुष गाईड द्या.

आई गप्प राहिली. घरी आली, ड्रेस धुतला, घडी करून पेटीत ठेवला. "पुरे झालं आता. माह्यंच चुकत असन."

त्यानंतर ती ड्युटीवर गेलीच नाही. कोणी विचारलं काय करता, तर म्हणायची, "काई नाई, घरीच असते." मला ते ऐकवेना. मी चंद्रपूरला शाळेत शिकवते, सुट्टी टाकली आणि तिला म्हटलं, चल, समुद्र पाहून येऊ.

रंगीत कपडे घे, असं दहा वेळा बजावलं होतं. अंदमानला बॅग उघडली तर सगळे मातकट हिरवे! जनावर बुजू नये म्हणून इतकी वर्षं भडक घातलं नाही, आता हात तिकडे जातच नाही म्हणे.

नील बेटावर बोटीतून उतरल्यावर सगळे सेल्फी काढायला धावले. आई मात्र कपाळावर हात धरून दहा मिनिटं नुसती पाण्याकडे बघत उभी...

"काऊन वो आई, काय पाहून राह्यली?"

"मगर हाये का पाहून राह्यली."

आमच्याकडे तलाव म्हणजे मगर आलीच, त्यामुळे पाण्यात पाय न टाकणं हाडात भिनलेलं. मी हसले आणि आम्हाला स्नॉर्केलिंगला नेणाऱ्या बिमलदांना म्हटलं, तुम्हीच सांगा हिला. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "इधर नहीं है दीदी. उधर खाड़ी में है."

झालं! पुढचा अर्धा तास आई वाळूवरून हलली नाही.

शेवटी लाइफ जॅकेट, मास्क, तोंडात नळी, आणि दोघींनी धरायला एक मोठी ट्यूब, असा सगळा बंदोबस्त करून ती उतरली. माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्यांचे वळ उठले. मग तिने एकदाचा चेहरा पाण्यात घातला... आणि हळूहळू पकड सैल झाली.

खाली पिवळ्या पट्ट्यांचे मासे चितळांसारखे कळपाने चरत होते. एकदम सगळेच्या सगळे दगडांच्या फटीत शिरले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, पण आईची मूठ पाण्याबाहेर वर गेली. जिप्सी थांबवताना जाते, तशीच.

बिमलदा पुढे बघत होते. कासव मागून आलं, डाव्या बाजूने... आमच्या सुपापेक्षा मोठं. आमच्या खालून निवांत गेलं आणि तळातलं गवत खायला लागलं.

मग काय, बातमी फुटली. पाच-सहा ट्यूबा चारही बाजूंनी आल्या, पाऊचमधले मोबाईल पाण्याखाली गेले. कासव श्वास घ्यायला वर आलं, वर सगळे पायच पाय, ते पुन्हा खाली गेलं. दुसऱ्यांदाही तसंच. एक जण तर त्याची पाठ धरायला वाकला.

आईने मास्क उपसून काढला. "ओ भैया! पीछे लो सब! रास्ता दो उसको!"

तो आवाज मी दोन महिन्यांत ऐकला नव्हता. बिमलदांनी आधी आमची ट्यूब मागे ओढली, मग बाकीचेही सरकले. मध्ये मोकळी जागा झाली आणि कासव वर आलं... आईपासून दोन हातांवर. फुस्स करून श्वास घेतला आणि गेलं.

पाठ धरायला वाकलेला तो माणूस फोटो गेला म्हणून कुरकुरला. मला वाटलं, आई आता पुन्हा गप्प बसेल. पण ती त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "फोटो फिर मिलेगा, भैया. साँस नहीं मिलती."

गेटवर द्यायचं राहिलेलं उत्तर तिने तिथे दिलं. मला इतका अभिमान वाटला, की काय सांगू!

बिमलदांनी विचारलं, "दीदी, आप क्या काम करती हो?"

आईने तोंडातलं खारट पाणी थुंकलं. "गाईड हूँ. ताडोबा की."

मास्कच्या आत माझे डोळे वाहायला लागले होते. मास्क लावला की नाक पुसता येत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर तिने चहाच्याही आधी पेटी उघडली. आज पहाटे ती ड्युटीवर गेली, इस्त्री केलेल्या ड्रेसमध्ये. त्या कासवाला कल्पनाही नसेल, पण मोहर्लीत त्याचे आभार मानणारं एक घर आहे.

तुम्ही कधी ताडोबाला आलात, समोर वाघ असला आणि गाईडबाईने गाडी मागे घ्यायला लावली... तर कुरकुर करू नका. ती माझी आई असेल.