जखमेतले लाल दाणे

दुष्काळात येरमाळ्याकडच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडताना आईच्या नडगीत दगडाची कपची घुसली. मी तेव्हा सोलापुरात नर्सिंग शिकत होते. सुट्टीत घरी आले तर पायाला चिंधी आणि चिंधीखाली पू. तशाच पायानं ती कामावर जात होती. ती गेली नाही तर घरात ज्वारी येणार नव्हती. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना दम्यामुळं खडीच्या धुळीत उभंही राहता येत नव्हतं.

मी मिठाच्या उकळलेल्या पाण्यानं जखम धुवायला लागले. धुताना पुस्तकातलं सांगायची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेत येतात, घाण आणि मेलेलं मांस खाऊन टाकतात. मग त्यांच्यातल्याच काही नवं मांस भरायला दुसऱ्या पेशींना कामाला लावतात.

"म्हंजी आत मुकादम बी हाय व्हय?" आई म्हणाली. "आन् सुकडी कोण वाटतं त्यांना?"

कामावर खायला मिळणारी भाजक्या पिठाची सुकडी ती पदरात बांधून धाकट्यांसाठी आणायची.

"तू खाशील तर त्यांना मिळंल."

"मग उपाशीच हायती बिचारी."

तरी पू आटला. जखमेच्या तळाला लाल दाणे आले, ओले, हात लागताच रक्त येणारे. नवं मांस असंच असतं. दाण्यांना काही लावू नका, असं दादांना बजावून मी परीक्षेला गेले.

दादांनी आयुष्यभर बैलांचे खांदे बरे केलेले. जुवानं सोललेल्या खांद्यावर लाल, रक्ताळ मांस वर आलं की ते निळ्या मोरचुदाची पूड लावून जाळायचे. तेव्हा कुठं खांदा कोरडा व्हायचा आणि बैल जुंपता यायचा. बैल आधीच विकले होते, मोरचुदाचा खडा भिंतीतल्या देवळीत उरला होता. आईच्या पायाचं रक्त थांबेना, तेव्हा त्यांनी तो कुटून जखमेत भरला.

मी परत आले तेव्हा जखम काळी, कोरडी, आणि भोवतीचा पाय सुजून तापलेला.

"बघ की," दादा म्हणाले, "रगताचा थेंब न्हाय."

"जे भरत होतं तेच जाळलंत तुम्ही."

"बैलाला लई गुण येतो."

"बैलाला पेंड असती," आई म्हणाली.

मी पुन्हा धुवायला लागले. दाणे पुन्हा आले नाहीत. पुढं नोकरीत ऊसतोडीच्या कोयत्याच्या जखमा बांधताना हे अनेकदा पाहिलं: पेशी नवं मांस एकदा उभं करतात, दुसऱ्यांदा उभं करायला अंगात काही उरलेलं नसतं. सोलापुरात आईचा पाय गुडघ्याखाली काढला.

तिच्या जागी दादा खडीवर गेले, तोंडाला फडकं बांधून. निघताना आई दारात बसून रोज सांगायची, "सुकडी तिथंच खावा, घरी आणू नका."

संध्याकाळी ते धापा टाकत यायचे, हातातली टोपी तिच्यासमोर ठेवायचे. सुकडी टोपीत असायची.