जंबिया कुठे ठेवायचा?

"ही खोली चुकीच्या जागी आहे," काझी सालेह म्हणाले आणि त्यांनी माझ्या ड्रॉइंगवर बोट टेकवलं.

रियाधच्या ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. मी आर्किटेक्ट, मूळची श्रीवर्धनची. येमेनमध्ये युद्धात पडलेली न्यायालयं परदेशी मदतीतून पुन्हा बांधायची होती. त्यांचा नमुना प्लॅन आम्ही इथे बसून काढत होतो. सालेहसाहेब तिकडच्या एका जिल्ह्याचे काझी, म्हणजे न्यायाधीश. सल्ला द्यायला आले होते.

बोट होतं शस्त्रं जमा करायच्या खोलीवर. मदत देणाऱ्यांची अट होती की कोर्टात शस्त्र जाता कामा नये. बंदूक तर नाहीच, पण जंबियाही नाही. जंबिया म्हणजे तिकडचे पुरुष कमरेला लावतात तो वाकडा खंजीर. म्हणून मी गेटवरच काउंटर दिला होता. शिपायाकडे शस्त्र द्या, टोकन घ्या. मॉलमध्ये पिशवी ठेवतो तसं.

"आत शस्त्र नकोच ना?" मी विचारलं.

"नकोच. पण शिपायाने काढून घेतलं तर अपमान. माणूस गेटवरूनच परत जाईल आणि भांडण बंदुकीने मिटवेल. आमच्याकडे दोन्ही बाजू आपला जंबिया स्वतःहून न्याय करणाऱ्याच्या हातात देतात. दिला, म्हणजे निकाल मानेन असा शब्द दिला."

मी चाटच पडले. मी सामान ठेवायची खोली काढली होती. यांचा खटला तिथूनच सुरू होत होता!

आमचे मॅनेजर सामी लेबनानचे. ते वैतागले. "नाझनीन, अट बदलणार नाही. खलास."

"अट राहू दे. फक्त खोली हलवू."

"कुठे?"

मी खोली अंगणाच्या टोकाला, कोर्टरूमच्या दाराआधी नेली. काझींच्या बाजूने खिडकी दिली, म्हणजे जंबिया थेट त्यांच्या हातात.

"आणि अंगणातच जुंपली तर?" सामींनी विचारलं.

"मध्ये भिंत घाला," काझी म्हणाले. "दोघांना दोन वाटा. भिंत खिडकीपाशी संपू दे. एकाने दिलेलं दुसऱ्याला दिसायला हवं."

बऱ्याच ईमेलनंतर प्लॅन मंजूर झाला. पहिली इमारत काझींच्याच जिल्ह्यात उभी राहिली. ती उघडली त्या दिवशी त्यांचा व्हॉइस नोट आला. विहिरीवरून भांडणारी दोन घराणी आली होती. एकाने जंबिया दिला. दुसरा खिडकीपर्यंत आला, थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला.

पुढच्या आठवड्यात दुसरा व्हॉइस नोट. "आज त्यानेही दिला. आता खटला चालेल."

हल्ली नव्या कामाच्या ब्रीफमध्ये 'सिक्युरिटी' हा शब्द दिसला की मी आधी विचारते, कोणाची? मीटिंग लांबते. भिंती मात्र एकदाच बांधाव्या लागतात.