खंडेनवमीचा एक्सल

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवून कितीदा तरी जेवायला बसलो आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारून उठलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हाही एक भित्रेपणाच, नाही का?

उमापुरात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ज्ञानोबा मेंढपाळ दसऱ्याच्या मुहूर्तावर मेंढरं घेऊन चराईला निघायचा. जीपमागं ओढायला त्यानं चाकांवर पत्र्याचं घर केलेलं — तशी लहानशी ट्रॉलीच, पण आत अंथरुणं, भांडी, तान्ही कोकरं आणि त्याची बायको कोंडाबाई. ओल्या रानात, बांधावर त्या ट्रॉलीचं पोट टेकायचं. ती उचलून द्यायचं काम माझ्याकडं आलं.

उचलायचं म्हणजे काय? एक्सल पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, वर असतो, तो खाली घ्यायचा. चांगली वीतभर उंची मिळते. मात्र पाटे टेकायला एक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. अवघड काही नाही. मीच आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो — आणि खंडेनवमी उजाडली.

त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा. वेल्डिंग मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ. मग दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आणि पूजा आटोपते न आटोपते तोच ज्ञानोबा दारात. सकाळी निघायचंय म्हणाला. 'परवा ये' म्हणायला माझं काय जात होतं? पण मी शब्द मोडला असं गावात कुणी म्हटलेलं मला खपत नाही.

मग मी त्याच्याच जीपमधले पाने घेतले आणि एक्सल उलटा करून बसवला. उलटा केला की जुन्या बैठका आपोआप वर येतात, नुसते बोल्ट आवळायचे. पण एक्सलची दांडी सरळ नसते हो. ओझं आलं की चाकं उभी राहावीत म्हणून तिला मधोमध किंचित वर कमान दिलेली असते. ती उलटी झाली की चाकं आत कलतात, टायर आतल्या कडेनं झिजत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं? पक्कं ठाऊक होतं. परत येतील तेव्हा नीट करून देऊ, असं मनाशी म्हटलं. त्याला मात्र सांगितलं, बिनघोर जा.

दिवाळीनंतर चकलांब्याच्या अलीकडं एका उतारावर टायर फुटला आणि ट्रॉली कलंडली. जीप ज्ञानोबाचा धाकटा भाऊ भिवा चालवत होता. कोंडाबाई आत होती. तिचा उजवा हात आजही कोपरातून सरळ होत नाही.

ट्रॉली दुरुस्तीला माझ्याकडंच आली. भिवा रडकुंडीला आलेला. "मिस्त्री, मी हळूच व्हतो वो. तुमी बघा की, एक्सलात तर काई न्हाई ना?" ज्ञानोबा शेजारी उभा होता. फुटका टायर माझ्या पायाशी पडलेला, आतली कड तारेपर्यंत खाल्लेली. मी तो पायानंच पालथा केला.

"एक्सल ठीक हाय," म्हणालो. "उताराला लई पळवली आसंल."

ज्ञानोबानं तिथंच भावाच्या कानाखाली वाजवली. ते गेल्यावर मी शटर ओढून घेतलं, एक्सल सुलटा केला, नव्या बैठका वेल्ड केल्या. पुढं भाऊ वेगळे झाले, मेंढरं वाटून घेतली. मला लाज वाटली? वाटली. तरी त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

यंदा भिवा स्वतःची ट्रॉली घेऊन आला — उचलून द्या म्हणाला. "दुसरीकडं जायाचं मन न्हाई, मिस्त्री. तवा तुमचं काम बराबर व्हतं. वहिनीचा हात माझ्यापायी गेला." मी मान खाली घालून वेल्डिंग करत राहिलो. काचेआड तोंड असलं की बरं असतं.

निघाला तो बैलगाडीच्या चालीनं. रस्ता सपाट, मोकळा. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, तरी त्यानं वेग वाढवला नाही. मी दुकानाच्या दारात उभा होतो. हाक मारली असती तर बराच वेळ त्याला ऐकू गेली असती. मी मारली नाही.